वाचकांचे प्रश्न : चैनीचा खर्च आणि समाज

गेल्या अंकात आम्ही चैनीच्या खर्चाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मोटारी, मोबाइल आणि परदेशवाऱ्या यांविषयीच पत्रे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रे लग्नांविषयी आली. त्यामुळे उत्तरांतही लग्नालाच अधिक जागा दिली आहे. काही पत्रलेखकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्याने सर्वांचीच नावे गाळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीचे लग्न गेल्या वैशाखात झाले. लॉन, दीड हजार पाने, ड्रोनचे चित्रीकरण, हळदीला वेगळा मंडप, असा सगळा थाट होता. मी घरात नापसंती बोलून दाखवली तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, पैसा काही जाळला नाही. मंडपवाला, आचारी, फुलवाला, वाजंत्री यांच्याच घरी गेला ना? आम्ही हात आखडला तर त्यांची चूल कशी पेटायची?" मला उत्तर सुचले नाही. खरेच यात चूक काय आहे? (शिक्षिका, कराड)

उत्तर : आपल्या भाऊजींचा मुद्दा तीनशे वर्षांचा जुना आहे आणि तो इतका सहज मोडता येत नाही. मूळचा हॉलंडचा, पण लंडनमध्ये स्थायिक झालेला बर्नार्ड मँडेव्हिल नावाचा एक डॉक्टर होता. त्याने १७०५ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्याची एक पद्यकथा छापली. त्या पोळ्यात लबाडी, हाव, डामडौल, उधळपट्टी सारे काही नांदत असते आणि पोळे भरभराटीला आलेले असते. मग एके दिवशी माश्या सज्जन होतात, साधेपणाने राहू लागतात. त्याबरोबर कारागीर बेकार होतात, व्यापार बसतो आणि अखेर उरलेल्या थोड्या माश्या एका झाडाच्या ढोलीत जाऊन राहतात. १७१४ मध्ये त्याने या कथेला भाष्य जोडून पुस्तक काढले, आणि व्यक्तीच्या दुर्गुणांतूनच समाजाची भरभराट होते, हे त्याचे प्रतिपादन सर्वत्र गाजले. लोकांना ते एवढे झोंबले की १७२३ मध्ये मिडलसेक्सच्या ज्यूरीने त्या पुस्तकाविरुद्ध तक्रार नोंदवली.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा बँडवाले, मंडपवाले, घोडेवाले आणि झेंडू-शेवंती पिकवणारे शेतकरी यांचे काय हाल झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, आणि मंदीच्या दिवसांत सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळेच अडचणीत येतात.

तरीही भाऊजींच्या हिशेबात एक बाजू धरायची राहून गेली आहे. लग्नात गेलेले दहा-पंधरा लाख रुपये लग्नात गेले नसते, तर ते काही हवेत विरले नसते. त्यांतून घरावर एक खोली चढवली असती तर गवंड्याला, सुताराला, वाळू-सिमेंटवाल्याला काम मिळालेच असते, आणि त्यांची मजुरी चुकती झाल्यावर खोली उभी राहिली असती. मुलीच्याच नावाने ते बँकेत ठेवले असते तर बँकेने ते कोणाला तरी दुकानासाठी किंवा ठिबक संचासाठी कर्जाऊ दिले असते. म्हणजे मजुरी दोन्हीकडे मिळते. फरक पडतो तो मागे काय उरते यात. "पैसा फिरतो" एवढे म्हणून हा फरक झाकता येत नाही.

शिवाय मिळणारे काम कोणत्या प्रकारचे आहे, हेही पाहावे लागते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या लग्नात जेवण आटोपल्यावर मी हात धुण्याची जागा शोधत चुकून लॉनच्या मागच्या बाजूला गेलो. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पत्र्याच्या आडोशाला सहा-सात बायका पाण्याच्या मोठ्या टोपांभोवती ओणव्या बसून ताटे घासत होत्या. शेजारच्या निळ्या पिंपांत पुऱ्या, पुलाव, रबडी आणि अर्धवट खाल्लेले पनीर एकत्र टाकलेले होते, आणि त्यातले चांगले दिसेल ते एक मुलगी वेचून प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती. मी विचारल्यावर त्यांतल्या एकीने सांगितले की लग्नसराईत मुहूर्ताच्या दिवशीच बोलावणे येते, चातुर्मासात काहीच नसते, आणि हजेरीचे पैसे मुकादमाच्या हातून मिळतात. त्या बायकांना काम मिळाले, हे खरेच आहे. पण त्या रात्रीच्या खर्चातला किती वाटा त्यांच्यापर्यंत आला, आणि किती वाटा सजावट, दिवे, लॉनचे भाडे व चित्रीकरण यांत गेला, याचा हिशेब भाऊजींनी एकदा मांडून पाहावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या दिरांची ऐपत असेल तर त्यांचे त्या खर्चाने फारसे बिघडणार नाही. बिघडते ते त्यांच्या पंगतीत जेवून गेलेल्या माणसाचे, ज्याच्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले आहे की, प्राचीन ग्रीक व रोमन लोक लिननच्या कापडाचा सदरा नसतानाही सुखाने राहत होते. पण त्याच्या काळच्या युरोपात असा सदरा अंगात नसेल तर साध्या रोजंदारी मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून त्याने तो सदरा गरजेच्या वस्तूंत धरला. आपल्याकडे लॉन, केटरिंग आणि ड्रोन यांची वाटचाल याच दिशेने चालली आहे. चैन जोवर चैन असते तोवर ती नाकारता येते. एकदा ती नाकारल्यास अब्रू जाते अशी स्थिती आली की तिचा बोजा सर्वांत जास्त त्याच्यावर पडतो ज्याला ती सर्वांत कमी परवडते. मग पतसंस्थेचे कर्ज होते, सोने गहाण पडते, एखादा एकराचा तुकडा विकला जातो. ऋण काढून सण करणाऱ्याला आपण नावे ठेवतो. परंतु त्याला त्या ऋणाकडे ढकलणारा मापदंड गावातल्या ऐपतदार घरांनी घालून दिलेला असतो. चैनीचा माझ्या मते खरा नैतिक दोष हा आहे, आणि भाऊजींना उत्तर द्यायचे झाल्यास मी एवढेच देईन.

प्रश्न : शेतकरी कर्जबाजारी होतो तो लग्नकार्यातील उधळपट्टीमुळेच, असे आमचे निवृत्त तहसीलदार शेजारी ठामपणे सांगतात. हे कितपत खरे? (शेतकरी, श्रीगोंदा)

उत्तर : आपण श्रीगोंद्याचे आहात, म्हणून आपल्याच मुलखातील पुरावा देतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळच्या अधिकाऱ्यांत आपल्या शेजाऱ्यांचेच मत रूढ होते. आयोगाने मात्र नमूद केले की, लग्नसमारंभावरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. मिळकतीच्या मानाने तो खर्च मोठा वाटला तरी असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर त्या स्थितीतल्या माणसाने घरगुती आनंदासाठी जेवढा खर्च करणे रास्त आहे त्याहून तो अधिक ठरत नाही.

मग कर्ज कशामुळे झाले? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास फेरआकारणीत अनेक तालुक्यांतील जमीनसारा वाढला. अशिक्षित कुळाच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे आणि दिवाणी न्यायालय तो कागदच प्रमाण मानी. या स्थितीवर उपाय म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

आजचे लग्न १८७५ च्या लग्नासारखे राहिलेले नाही, आणि आजचा खर्च अनेक घरांना बुडवतो, हे मी वर लिहिलेच आहे. पण पावसाने दगा दिला, कांद्याचा भाव पडला, दवाखान्याचे बिल आले, ही कारणे बाजूला सारून कर्जबाजारी माणसाच्या पोरीच्या लग्नातला बुंदीचा लाडू तेवढा मोजायचा, हा अन्याय आहे. गरिबाच्या वाट्याला आयुष्यात दोन-तीनच उत्सव येतात. त्यांवर बोट ठेवणाऱ्याने आधी त्याचा सातबारा आणि बाजारसमितीच्या पट्ट्या पाहाव्यात.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या हातमागावर पैठणी विणली जाते. आपल्या मासिकात साधेपणाचा गौरव वारंवार होतो. सगळे साधे राहिले तर आम्ही काय करावे? (येवला)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर लिहायचे थांबलो, कारण तो आमच्यावरचा रास्त ठपका आहे. साधेपणाची भाषा करताना आम्ही चैनीच्या सगळ्या वस्तू एकाच टोपलीत टाकतो, आणि त्यात आपल्यासारख्यांच्या कसबाचा अपमान होतो.

येवल्यात एका घरी मी मागाशेजारी तासभर बसलो होतो. पदरावरचा मोर उमटत होता. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, ती ताण्याच्या मोजक्या धाग्यांतून हातानेच पुढे-मागे करायची, शेजारच्या रंगाशी तिची गुंफण करायची, मग फणी मारायची. तासाभरात मोराची मान बोटभरसुद्धा वर सरकली नव्हती. विणणाऱ्याने पदर उलटून दाखवला, तर नक्षी खालूनही जवळजवळ तशीच होती, सुटे धागे लोंबत नव्हते. साध्या काठपदराच्या साडीला महिना लागतो आणि भरगच्च पदराची साडी कित्येक महिने मागावर राहते. रेशीम बंगळूरकडचे, जर सुरतेची, रंगारी गावातला, आणि विणणाऱ्याच्या घरातली बाई कांड्या भरून देणारी.

अशा साडीची किंमत हजारोंच्या घरात जाते, तेव्हा त्या किमतीचा मोठा भाग माणसाच्या वेळेचा आणि शिकलेल्या हाताचा असतो. ती साडी आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जाते. पेशवाई बुडाल्यावर मोठे आश्रयदाते गेले आणि ही कला किती क्षीण झाली, हे आपणांस घरातूनच ठाऊक असेल. श्रीमंतांनी अशा वस्तूंवर खर्च करणे बंद केले तर वाचलेला पैसा गरिबांकडे आपोआप जाणार नाही. एक विद्या मात्र नक्की मरेल. एका रात्रीत कोमेजणाऱ्या परदेशी फुलांच्या कमानीवरचा खर्च आणि पैठणीवरचा खर्च माझ्या मते एका तागडीत तोलता येत नाहीत.

आपल्या व्यवसायाला खरा धोका साधेपणापासून नाहीच. तो आहे यंत्रमागावरच्या नकलेपासून, जी पैठणी म्हणूनच खपवली जाते. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु दुकानात साडी उलटून पदराची मागची बाजू पाहणारे गिऱ्हाईक अजून थोडेच आहे. थाट हवा, पण किंमत कमी हवी, या हव्यासातून नकलेचा बाजार वाढतो. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्यांनाही लग्नात पैठणी नेसलीच पाहिजे असे वाटू लागते, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला मापदंड इथेही काम करू लागतो. म्हणून आमच्या लेखनात यापुढे हा भेद स्पष्ट करण्याची जबाबदारी मी घेतो.

प्रश्न : चैनीचे दुष्परिणाम उघड असताना सरकार त्यावर सरळ बंदी किंवा जबर कर का लावत नाही? (विधी शाखेची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : दोन्ही करून झाले आहे. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे घडवण्यास मनाई झाली. सोन्याची हाव काही कमी झाली नाही. चोरट्या मार्गाने सोने येत राहिले आणि तस्करांची चलती झाली. हाल झाले ते गावोगावच्या सोनारांचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या २२ कॅरेटचे काम येत होते त्यांची भट्टी थंडावली आणि काहींनी जीवही दिला. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तो १९९० मध्ये मधू दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. या प्रकरणात आणखी एक गफलत होती. कायदा करणाऱ्यांनी सोने ही केवळ चैन मानली. पण ज्या बाईच्या नावावर ना जमीन, ना बँकेचे खाते, तिच्या दृष्टीने पाटल्या आणि पुतळ्यांची माळ हीच पुंजी होती.

कराचीही तीच कथा. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक लाख डॉलरच्या वर किंमत असलेल्या नौकांवर, वरच्या रकमेच्या दहा टक्के, असा चैनकर बसवला. श्रीमंतांनी नव्या नौका घेणे लांबणीवर टाकले, जुन्या घेतल्या, पैसा दुसरीकडे वळवला. नौका बांधणाऱ्या कारखान्यांतील कामगार मात्र घरी बसले. त्या वेळी मंदीही होती, त्यामुळे सगळा दोष कराचा म्हणता येणार नाही; पण १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. याचा अर्थ कर लावूच नये असा मी घेत नाही. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारी, खासगी विमाने, विहारनौका यांवर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि त्यातून शाळा-दवाखाने चालणार असतील तर तो न्याय्यच आहे. त्याने डामडौल कमी होईल अशी आशा मात्र मी धरत नाही.

मापदंड बदलतो तो माणसे मिळून बदलतात तेव्हा. जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिले सत्यशोधक लग्न लागले, भटजीवाचून आणि अगदी थोड्या खर्चात. एकट्या घराने असे लग्न केले असते तर त्याला कंजूष म्हटले गेले असते. पाठीशी समाज उभा राहिल्याने त्याच कृतीला प्रतिष्ठा मिळाली. २०२५ मध्ये हुंडाबळीच्या एका घटनेने महाराष्ट्र हादरल्यावर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली : पाहुणे शंभर-दोनशे, डीजे नाही, हुंडा नाही. ती कितपत पाळली जाईल, हे पुढारी घरांतल्या लग्नांत दिसेल. कारण खालच्याने आखडलेला हात ही लाचारी मानली जाते आणि वरच्याने आखडलेला हात हे वळण ठरते. कायद्याची विद्यार्थिनी म्हणून आपणास एक सुचवतो. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आणि 'मुलीच्या हौसेने केलेला खर्च' यांमधली सीमारेषा न्यायालयांनी कशी आखली आहे, याचा अभ्यास करावा. कपडे, मोटार, फर्निचर आणि मानपान यांच्या आडून हुंडा वसूल होतो, आणि तिथे चैन हा शब्द एका गुन्ह्याला पांघरूण घालतो.

प्रश्न : मला नोकरी लागून दोन वर्षे झाली. मित्रांनी घेतली तशी चारशे सीसीची मोटारसायकल हप्त्यांवर घ्यावी असे वाटते. आई म्हणते, ही निव्वळ चैन आहे. आपले मत? (हिंजवडी)

उत्तर : आपल्या आईंच्या लहानपणी घरात फ्रिज आणि फोन असणे चैन समजली जाई, हे त्यांनाही आठवत असेल, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर वाद घालू नये. साडेतीनशे सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर आता चाळीस टक्के कर आहे, विमा जास्त आहे, टायर महाग आहेत. मासिक हप्ता, विम्याचा बारावा भाग, पेट्रोल आणि देखभाल यांची बेरीज करा, आणि तेवढी रक्कम सहा महिने दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाकत जा. त्या सहा महिन्यांत घरी पाठवायची रक्कम कमी करावी लागली, किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलावी लागली, तर उत्तर आपल्यासमोर असेल. तसे काही झाले नाही आणि गाडीची ओढही टिकून राहिली, तर साठलेली रक्कम पहिल्या भरण्यासाठी वापरा आणि ते खातेपुस्तक आईंना दाखवा. मित्रांपैकी किती जणांनी हा हिशेब केला होता, तेही जमल्यास त्यांना विचारून पाहा.